उभ्यानं का बसून?

दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला तेव्हा मी दुकानात एका गृहस्थाच्या सातबाऱ्याच्या झेरॉक्स काढत होतो. ते म्हणाले, "तुम्ही एवढी वर्षं पूर, गारपीट, वादळं सगळं बघितलंत. अशा वेळी पत्रकारानं किती जवळ जावं, यावर लिहा." मी विचारलं, "फुटात सांगू का मीटरमध्ये?" ते हसले. त्यांना वाटलं मी थट्टा करतोय. पण माझ्या बाबतीत हे अंतर खरोखर मोजून झालेलं आहे. उभ्या माणसाच्या गुडघ्यापासून गळ्यापर्यंत जेवढं भरतं, तेवढं. आणि ते मी एकदा पाण्यात खाली बसून कापलं होतं, हे सोनपेठ तालुक्यात शेंबडं पोरसुद्धा सांगेल.

तर आधी धंदा काय ते सांगतो. तालुका प्रतिनिधी हा प्राणी बाहेरच्यांना नीट माहीत नसतो. टीव्हीवर माईक धरून ओरडतो तो वेगळा. आमच्याकडं प्रतिनिधी म्हणजे ज्याचं बसस्टँडजवळ दुकान आहे, ज्याच्याकडं मोटारसायकल आहे आणि ज्याला घरातलं कुणी "बातम्या लिहू नको" म्हणत नाही असा माणूस. सकाळी पेपरचे गठ्ठे उतरवून घ्यायचे, वाटायचे, दिवसभर झेरॉक्स काढायच्या, पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या जाहिराती मिळवायच्या आणि मधल्या वेळात तालुक्यात काय चाललंय ते परभणीला कळवायचं. मला कुणी नेमणूकपत्र दिलं नव्हतं, त्यामुळं मी निवृत्त झालो तेही कुणाला कळलं नाही. एके दिवशी मी बातम्या पाठवणं बंद केलं. चार दिवसांनी परभणीहून फोन आला, "तालुक्यात काही घडत नाहीये का?" मी म्हणालो, "घडतंय, पण मी निवृत्त झालोय." तिकडून उत्तर आलं, "बरं, मग जाहिरातींचं तेवढं बघत जा."

हा फोन मुळे साहेबांचा. मुळे साहेब म्हणजे आमचा डेस्क. डेस्क म्हणजे खरं तर परभणीच्या कार्यालयातलं एक टेबल, पण आम्ही त्या टेबलाला देवासारखं मानायचो. आम्ही बातमी पाठवणार, डेस्क ती कापणार, मथळा देणार आणि कुठल्या पानावर टाकायची ते ठरवणार. पावसाळ्यात मुळे साहेबांचा पहिला प्रश्न ठरलेला असे: "पाणी किती?" घोट्याइतकं असेल तर ते फोनच ठेवून देत. गुडघाभर असेल तर चौथं पान. कंबरेइतकं असेल तर जिल्हा पान. आणि पहिलं पान हवं असेल तर पाणी गळ्यापर्यंत आलं पाहिजे. माणूस वाहून गेला नाही तरी चालेल, पण गळा पाहिजे. ही त्यांची मोजपट्टी मी तीस वर्षं सांभाळली.

जवळ जाण्याची पहिली ठेच मात्र मला पुरात नव्हे, गारपिटीत लागली. झरीकडं मोठ्या गारा पडल्या आणि तिथला आमचा प्रतिनिधी नेमका सासुरवाडीच्या लग्नात होता. मुळे साहेबांनी मला पिटाळलं. सोनपेठहून झरी काही शेजारी नाही. मी पोचेपर्यंत लख्ख ऊन पडलं होतं आणि माझा घसा कोरडा पडला होता. मोसंबीची बाग असलेले एक मारोतीकाका ओसरीवर बसले होते. त्यांच्याशेजारी पाटावर स्टीलचा पेला, त्यावर झाकण. गावाकडं आलेल्या माणसाला आधी पाणी देतात, हे मला लहानपणापासून माहीत. मी "राम राम काका" म्हणालो, झाकण काढलं आणि पेला तोंडाला लावला. पाणी चांगलं गारेगार होतं.

मारोतीकाका माझ्याकडं बघतच राहिले.

"काय केलं हो तुमी?" ते म्हणाले. "गार व्हती ती."

"हो काका, लई गार होतं."

"पाणी न्हाई हो! गार! लिंबाएवढी गार व्हती. तलाठी येईस्तोवर मनून झाकून ठिवली व्हती. लाईट न्हाई, फ्रीज बंद. पाणी झालं तरी दाखवता आलं असतं."

तेवढ्यात तलाठी आलेच. त्यांनी वही उघडून विचारलं, "गारा केवढ्या होत्या काका?" मारोतीकाकांनी माझ्या पोटाकडं बोट दाखवलं. "ह्यांना इचारा. ह्यांच्या पोटात हाय."

सगळी ओसरी हसली. काकाही हसले. मग ते आम्हाला बागेत घेऊन गेले. झाडाखाली मोसंब्यांचा हिरवा सडा पडला होता आणि त्यात पाय ठेवायला जागा नव्हती. काका पुढं चालत होते, आणि मघाशी हसणारा तो माणूस एकेक फळ उचलून फांदीखाली बाजूला ठेवत होता, जणू ते परत लावता येणार होतं. मी बातमी बरी लिहिली, पण तो पेला माझ्या मनातून गेला नाही. दुसऱ्याच्या नुकसानीच्या इतकं जवळ जाऊ नये की त्याचा पुरावा आपणच गिळून बसू, एवढं मी त्या दिवशी शिकलो. शिकलो आणि विसरलो.

कारण पुढं मोबाइल आले. फोटो क्षणात परभणीला पोचायला लागले आणि मुळे साहेबांच्या डोक्यात नवीन खूळ शिरलं. नुसता पुराचा फोटो नको, पुरात उभा असलेला आपला प्रतिनिधी पाहिजे. "वाचकाला वाटलं पाहिजे की आपला माणूस तिथं आहे," असं ते म्हणायचे. आता आपला माणूस तिथं होता, पण पाणी तिथं असायलाच पाहिजे ना.

सोनपेठहून गोदावरीकडं जाताना थडी बोरगावच्या अलीकडं एक ओढा लागतो. त्यावर बुटका पूल आहे. पुलाच्या दोन्ही कडांना चुना लावलेले दगड रोवलेले आहेत, पाणी पुलावरून वाहायला लागलं की रस्ता कुठं संपतो ते कळावं म्हणून. एका पावसाळ्यात त्या पुलावर गुडघाभर पाणी आलं. मी आणि माझी बायको सुमन तिच्या बहिणीकडून परत येत होतो. सुमन अंगणवाडीत होती, मुलांना खरं बोलायला शिकवायची. मी गाडी लावली, मोबाइल तिच्या हातात दिला आणि पाण्यात उतरलो.

"काढ फोटो."

तिनं मोबाइल डोळ्यासमोर धरला. "गुडघ्याइतकंच हाय की हो."

मुळे साहेबांचं चौथं पान माझ्या डोळ्यापुढं उभं राहिलं. मग मी हळूच खाली बसलो. पाणी गळ्याला लागलं. एक हात वर करून मी डायरी पाण्याबाहेर धरली.

"हे काय करायलात?" सुमन ओरडली. "उठा! मूळव्याध उठंल!"

"काढ गं लवकर. थंडी वाजायलीय."

"लोकं काय म्हणतील?"

"लोकांना गळ्याच्या वरचंच दिसणार आहे," मी म्हणालो. आयुष्यात मी एवढं चुकीचं वाक्य दुसरं बोललो नसेन.

दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर मी. "सोनपेठ तालुक्यात गळ्यापर्यंत पाणी. आमच्या प्रतिनिधीनं जीव धोक्यात घालून टिपलेलं दृश्य." मी इस्त्रीचा शर्ट घालून रहीमभाईच्या हॉटेलात गेलो. रहीमभाईचं हॉटेल बसस्टँडसमोर, चहा आणि बातम्या दोन्ही तिथं उकळतात. मी गेलो तेव्हा रहीमभाई चष्मा कपाळावर चढवून पेपर नाकाशी धरून बसले होते. त्यांनी बराच वेळ फोटो बघितला, मग माझ्याकडं बघितलं, मग परत फोटोकडं.

"भाई," ते म्हणाले, "पुलाचे दगड वाढले का तुमी घटले?"

मी फोटो बघितला. माझ्या मागं चुन्याचे पांढरे दगड ओळीनं दिसत होते आणि प्रत्येक दगड माझ्या कानाच्या उंचीला होता. त्या पुलावरून रोज शेकडो माणसं जातात. दगडावर बसून बसची वाट बघतात, बिडी ओढतात, चपलेतला खडा काढतात. तो दगड मांडीच्या वर येत नाही, हे ज्याला माहीत नाही असा माणूस आमच्या भागात सापडणार नाही. हॉटेलात असा काही हशा पिकला की चहा उतू गेला.

हशाचं मला फार वाटलं नाही. पत्रकाराची कातडी जाड असते. पण फोटो आगारातल्या लोकांनीही बघितला होता, आणि त्यांना दगडाची उंची माहीत नव्हती. त्यांनी काळजीपोटी बोरगावची बस दोन दिवस बंद ठेवली. त्यात बाजारचा दिवस आला.

बाजाराच्या दुसऱ्या दिवशी दुकानात अनसूयाबाई आल्या. त्यांना मी तोवर नुसतं तोंडओळखीनं ओळखत होतो. ओढ्याच्या अलीकडं, नदीच्या थडीला त्यांचा भाजीचा मळा. तिथंच कोठा बांधून त्या आणि त्यांचे नवरे दगडूबा राहायचे. दगडूबांचे गुडघे गेलेले, त्यामुळं मळा, शेळ्या आणि बाजार सगळं बाईच बघायच्या. त्यांना ओढा ओलांडायचाच नव्हता. बस त्यांच्या बांधाशी थांबायची. पण बस निघालीच नव्हती.

त्या आठ किलोमीटर चालत आल्या होत्या. त्यांनी टोपलं खाली ठेवलं, मेथीच्या दोन सुकलेल्या, पिवळ्या जुड्या काढल्या आणि झेरॉक्स मशीनचं झाकण उघडून काचेवर ठेवल्या.

"ओ पत्रकार, ह्याची झेरॉक्स काढा."

"मावशी, हे काय?"

"काढा की. काढा अन् छापा पेपरात. तुमच्या पुरात वाहून गेली मनून लिव्हा."

दुकानात दोन-तीन गिऱ्हाइकं होती. सगळी मशीनकडं बघायला लागली. काय करावं ते न सुचून मी खरंच बटण दाबलं. मशीनमधून कागद आला, त्यावर काळी मेथी. अनसूयाबाईंनी कागद हातात घेऊन नीट बघितला.

"ह्यो तरी खरा आला," त्या म्हणाल्या. "त्या दिशी सकाळी म्या त्याच वढ्यात कपडे धुतले, पत्रकार. तुमी उभ्यानं व्हते का बसून?"

मी खाली बघत म्हणालो, "बसून."

"मंग तसंच लिव्हायचं की. बसून गळ्याइतकं पाणी." आणि टोपलं उचलून त्या चालत्या झाल्या.

माझे वडील शाळामास्तर होते. घरात एकच पेपर यायचा आणि वडील तो मोठ्यानं वाचून दाखवायचे. आळीतली माणसं ऐकायला यायची. कुणी शंका काढली की वडील म्हणायचे, "छापून आलंय म्हणजे कुणीतरी जाऊन बघितलं असेल." ते वाक्य मला त्या दिवशी फार लागलं. मी मुळे साहेबांना फोन केला आणि म्हणालो, खुलासा छापा.

"खुलासा छापला तर बातमी खोटी होती असं वाटेल," मुळे साहेब म्हणाले.

"अहो साहेब, ती होतीच."

"तरी पण," ते म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

खुलासा पेपरात आला नाही, पण तालुक्यात घरोघर पोचला. "उभ्यानं का बसून?" हा प्रश्न मला चिकटला तो चिकटलाच. बोअरला पाणी लागल्याची बातमी दिली तरी लोक विचारायचे, उभ्यानं का बसून? लग्नात फोटोग्राफर सगळ्यांना सोडून मलाच म्हणायचा, "पत्रकार साहेब, उभ्यानं!" एकदा भूकंपाचा हलका धक्का जाणवला. मी बातमीसाठी चार जणांना फोन केले तर चौघांनी तोच प्रश्न विचारला. सुमन म्हणायची, "मुलांना मी सांगते खोटं बोलू नका, तर मुलं विचारतात, बाई, सर बसले होते का?" मी हसून घ्यायचो. पण ओढ्यावरून जाताना मात्र मी त्या दगडांकडं बघायचं टाळायचो.

आता खऱ्या पुराकडं येतो. दोन पावसाळे मध्ये गेले असतील. आमच्याकडं पाऊस फारसा नव्हता, पण वरच्या धरणांतून पाणी सोडलं होतं आणि गोदावरी फुगत होती. हे पाणी फसवं असतं, म्हणून समजावून सांगतो. नदी फुगली की ओढ्याचं पाणी तिच्यात शिरत नाही, उलट नदीच ओढ्यात शिरते. त्याला धार नसते, आवाज नसतो. वरून ऊन असतं आणि पाणी चुपचाप शेतात पसरत राहतं. लोक पूर म्हणून ज्याला घाबरतात तो गढूळ, गर्जणारा पूर. हे पाणी पाहुण्यासारखं येतं आणि निघायचं नाव घेत नाही.

दुपारी बाराच्या सुमाराला मी पुलावर पोचलो. दगडांची नुसती डोकी दिसत होती. मी मोटारसायकल लावून पुढं जाईपर्यंत तीही गेली. मी बोरगावच्या सरपंचाला फोन केला.

"सरपंच, पूल गेला. दगड बुडाले. खालच्या आळीतली घरं हलवा."

"बरं बरं," सरपंच म्हणाला. त्याच्या मागं कुणीतरी फिदीफिदी हसत होतं. "पत्रकार साहेब, उभ्यानं का बसून?"

मी फोटो पाठवला. उत्तरात हसणारी पिवळी तोंडं आली. त्यांचंही बरोबर होतं, फोटो तर मी आधीही पाठवला होता. तहसीलचं पथक दुसऱ्या गावात अडकलं होतं, यायला वेळ लागणार होता. मग मी अनसूयाबाईंना फोन लावला. त्यांचा मळा सगळ्यात खाली.

"पाणी हाय, दिसायलंय मला," त्या म्हणाल्या. "दरसाली येतंय. वांगी काढायलेय म्या. तुमी फोन ठिवा."

"मावशी, वरून अजून पाणी सोडलंय. निघा तिथून."

"पुन्यांदा न्हाई फसायची, भाऊ." फोन बंद.

त्या क्षणाला मला कळलं की मी त्या दिवशी पाण्यात काय घालवलं होतं. बातमी माझ्याकडं होती, खरी होती, वेळेत होती, आणि ती घ्यायला कुणी तयार नव्हतं. आता फोन करून काही होणार नव्हतं.

मी बांधावरून मळ्याकडं निघालो. तेवढ्यात मुळे साहेबांचा फोन. ते आता डिजिटल विभागाचे प्रमुख झाले होते. "लाइव्ह सुरू करा," ते म्हणाले, "चालता चालता." तीस वर्षांची सवय, मी सुरू केलं. मोबाइल पुढं धरून, "आपण पाहत आहात" म्हणत मी निघालो. रस्ता आणि मळा यांच्यामध्ये सखल पट्टा आहे. तिथं कंबरेइतकं पाणी झालं होतं. पडद्यावर खाली प्रेक्षकांचे संदेश येत होते. पहिलाच: "उभ्यानं का बसून?" दुसरा, तिसरा, चौथाही तोच.

मळा जरा उंचावर होता. तिथं गुडघाभर पाणी. दगडूबा कोठ्यापुढं बाजेवर पाय वर घेऊन बसले होते आणि बाजेखाली पाणी साचलं होतं. दोन शेळ्या कोठ्याच्या उंबऱ्यावर चढल्या होत्या. अनसूयाबाई पाण्यात वाकून वांगी तोडत होत्या.

"आले का?" त्या मान वर न करता म्हणाल्या. "बसा मंग. काढा फोटो."

"मावशी, मी उभा हाय."

"व्हय, व्हय."

"अहो, मधल्या पट्ट्यात कंबरेइतकं झालंय. मी भिजलोय बघा. अर्ध्या तासानं निघता यायचं न्हाई."

"त्या दिशीबी भिजलेच व्हते की तुमी."

मी तसाच उभा राहिलो. पडद्यावर मुळे साहेबांचा संदेश आला: "म्हातारा फ्रेममध्ये घ्या." मी मोबाइल तिकडं वळवला. दुसरा संदेश: "त्यांना बाजेवरच राहू द्या. सीन चांगला आहे. हलवू नका."

मी तो वाचला. मग परत वाचला. मग म्हणालो, "मावशी, हात जोडतो. माझ्यावर इश्वास ठेवू नका. पण एकदा बघा तरी."

माझा आवाज फाटला असावा, कारण त्या सरळ उभ्या राहिल्या. टोपलं बाजेवर ठेवून त्या माझ्याजवळ आल्या. मला वाटलं आता शिव्या खायच्या. त्या वाकल्या, पाण्यात कोपरापर्यंत हात घातला आणि माझा गुडघा चाचपला. आधी उजवा, मग डावा. वैद्यानं बघावा तसा, मागून, पुढून, नीट. दोन्ही गुडघे सरळ होते. एवढ्या वेळात पाणी त्यांच्या मांडीवर आलं होतं.

"अगं बाई," त्या म्हणाल्या, "हे तर उभेच हायत." आणि वळून ओरडल्या, "आवो, उठा! पाणी खरं हाय!"

त्यानंतर जे झालं त्याचा एकही फोटो नाही. मला दोन्ही हात पाहिजे होते, म्हणून मोबाइल मी अनसूयाबाईंच्या टोपल्यात टाकला आणि दगडूबांना पाठीवर घेतलं. टोपलं बाईंच्या डोक्यावर, शेळ्यांची दावी त्यांच्या हातात. दगडूबा दिसायला काटकुळे, पण पाठीवर घेतल्यावर माणसाचं खरं वजन कळतं.

"पत्रकार," ते माझ्या कानाशी म्हणाले, "माजं नाव छापू नका."

"का हो?"

"जावई पेपर वाचतो. सासरा पाठकुळी गेला मनून गावभर सांगंल."

सखल पट्ट्यात पाऊल टाकलं आणि पाणी कंबरेवर, पोटावर, छातीवर आलं. आता एक गोष्ट सांगून टाकतो, जी मी मुळे साहेबांना कधी सांगितली नव्हती. मला पोहता येत नाही. तीस वर्षं पुराच्या बातम्या दिल्या, पण पोहता येत नाही. पायाखालचा चिखल सरकायला लागला तेव्हा मला दरदरून घाम फुटला, आणि पाण्यात घाम फुटल्याचं कळतं हेही मला त्या दिवशीच कळलं. पाणी गळ्याला लागलं. नेमकं तिथंच, जिथं त्या दिवशी लागलं होतं. माझे पाय लटपटले.

मागून अनसूयाबाईंचा आवाज आला, खणखणीत:

"पत्रकार! आता नका बसू!"

भीतीनं की कशानं, मला हसू आलं. पाठीवर दगडूबाही हसायला लागले, आणि हसणाऱ्या माणसाला पाठीवर धरणं फार अवघड असतं. पण त्या हसण्यानं पाय मात्र परत माझे झाले. एकेक पाऊल रोवत आम्ही रस्त्याच्या चढाला लागलो.

तिथं दम खाण्यात पंधरा-वीस मिनिटं गेली असतील, तोच टेम्पो आला. आत ड्रायव्हर आणि शेजारी रहीमभाई. हॉटेलात लाइव्ह चालू होतं. मोबाइल टोपल्यात पडल्यापासून पडद्यावर नुसती वांगी दिसत होती, पण आवाज येत होता. पाण्याचा, शेळ्यांचा, दगडूबांच्या जावयाचा विषय, सगळं. रहीमभाई म्हणाले, "फोटू बघून तर कुणी उठलं नसतं भाई. पर 'आता नका बसू' ऐकलं अन् आमी टेम्पो काढला." बोरगावात सरपंचानंही ते ऐकलं होतं. त्यानं भोंगा लावून खालच्या आळीतली माणसं शाळेत हलवली.

तासाभरानं मळा दिसेनासा झाला. कोठा गेला, बाज गेली, वांग्याचं रान गेलं. अनसूयाबाई रस्त्याच्या कडेला शेळ्यांना धरून बसल्या होत्या. मला वाटलं रडतील. पण त्या म्हणाल्या, "बरं झालं, मेथी पेरली न्हवती अजून." मी वळून गाडीची किल्ली शोधायला लागलो.

संध्याकाळी मुळे साहेबांचा फोन आला. "तेवीस मिनिटं तुम्ही वांगी दाखवलीत."

"हो साहेब."

"गळ्यापर्यंत पाण्यात होतात म्हणे. एक तरी फोटो?"

"नाही साहेब."

बातमी आली. चौथ्या पानावर, खाली, एका कोपऱ्यात. गुडघाभर पाण्यासाठी मला पहिलं पान मिळालं होतं आणि गळ्याइतक्या पाण्यासाठी चौथं. दगडूबांचं नाव मी दिलं नाही, "एक वृद्ध शेतकरी" असं लिहिलं. तरी जावयाला कळलंच, पण ते दगडूबांच्या नशिबानं.

संपादकांना मी अजून उत्तर दिलेलं नाही. किती जवळ जावं? मोबाइल खाली ठेवायला वेळ मिळेल इतकं लांब असावं, असं आता वाटतं. पण हे माझं मत, आणि माझ्या मताला तालुक्यात काय किंमत आहे ते तुम्ही वाचलंच आहे.

त्या पुरानंतरच्या बाजाराच्या दिवशी मी रहीमभाईच्या हॉटेलात बसलो होतो. अनसूयाबाईंनी शाळेच्या खोलीत बिऱ्हाड केलं होतं आणि दुसऱ्याच्या मळ्यातली भाजी घेऊन त्या बाजारात बसायला लागल्या होत्या. हॉटेलच्या दाराशी टोपलं ठेवून त्या चहा पीत होत्या. गंगाखेडकडचा एक गृहस्थ आत आला. त्याला माझी कीर्ती ठाऊक होती. माझ्या पाठीवर थाप मारून तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "काय पत्रकार साहेब, परवा म्हणे गळ्याइतक्या पाण्यात व्हता? उभ्यानं का बसून?"

सगळं हॉटेल माझ्या तोंडाकडं बघायला लागलं. मी सवयीनं हसायला तोंड उघडलं.

अनसूयाबाईंनी कप खाली ठेवला.

"उभ्यानं," त्या म्हणाल्या. "म्या हात लावून बघितलंय."